वजन कमी करण्याच्या ऑपरेशनने कॅन्सर टळतो का?

बालाघाट : नितीन गडकरींनी 2011 मध्ये मुंबईत वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा ‘बॅरिॲट्रिक सर्जरी’ हा शब्द आपल्याकडेही कानावर आला. आता ‘या ऑपरेशनने कॅन्सरही टळतो’ असं लोक बोलतात. यात तथ्य किती?

लठ्ठपणा आणि कॅन्सर
जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2016 मध्ये 13 प्रकारच्या कॅन्सरचा संबंध जादा चरबीशी जोडला. त्यात गर्भाशयाचं अस्तर, मोठं आतडं, मूत्रपिंड, यकृत, पित्ताशय आणि पाळी गेल्यानंतरचा स्तनाचा कॅन्सर येतो. चरबीमुळे शरीरात इस्ट्रोजेन आणि इन्सुलिन वाढतं, सूज टिकून राहते.

अभ्यास काय सांगतो
अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकने 2022 मध्ये 30 हजारांवर लठ्ठ रुग्णांची आकडेवारी मांडली. 10 वर्षांत लठ्ठपणाशी निगडित कॅन्सर ऑपरेशन झालेल्यांत 2.9 टक्के, न झालेल्यांत 4.9 टक्के आढळला. स्वीडनच्या 2009 च्या अभ्यासात मात्र फायदा महिलांमध्येच दिसला. हे दोन्ही अभ्यास निरीक्षणाचे आहेत, त्यामुळे पक्का पुरावा म्हणता येत नाही.

ऑपरेशन कोणासाठी
किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय निघतो. तो 35 च्या वर असेल तर ऑपरेशन सुचवलं जातं. 2022 च्या शिफारशीत आशियाई लोकांसाठी ही मर्यादा 27.5 आहे. ‘स्लीव्ह’ प्रकारात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कायमचा काढतात. नंतर जन्मभर जीवनसत्त्वं, लोह, प्रथिनं आणि तपासण्या सांभाळाव्या लागतात. खाण्यापिण्याचं पथ्य सुटलं तर वजन परत वाढू शकतं.

आपल्यासाठी महत्त्वाचं
तोंडाचा आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर त्या 13 च्या यादीत नाही. खर्रा, गुटखा चालू ठेवून पोट कापून घेतलं तर तोंड वाचणार नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी एचपीव्ही लस आणि तपासणी आहे. म्हणून मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखीसाठी डॉक्टर ऑपरेशन सुचवत असतील तर जरूर विचार करा, कॅन्सरचा धोका घटला तर तो वरचा फायदा. पण फक्त कॅन्सरच्या भीतीने कुणी कर्ज काढून नागपूर गाठायला सांगत असेल, तर आधी दुसऱ्या डॉक्टरला विचारा. आणि खर्रा आजच सोडा, त्याला पैसे लागत नाहीत.