पंचाहत्तर सालची स्वस्ताई

अमेरिकेत वाढदिवसाला किंवा लग्नाच्या वाढदिवसाला द्यायची गमतीची कार्डं मिळतात. साल सांगायचं, म्हणजे त्या सालचे भाव, गाजलेला सिनेमा, निवडून आलेला अध्यक्ष असं सगळं एका पानावर छापलेलं. आमच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली तेव्हा न्यू जर्सीतल्या भाच्यानं आम्हाला 1975 सालचं कार्ड पाठवलं. गॅलनभर पेट्रोल 57 सेंट, पत्राचं तिकीट 10 सेंट, सिनेमा ‘जॉज’. सौ. वाचून म्हणाली, “अगंबाई, किती स्वस्ताई होती!” होती ना. पण त्याच वर्षी मे महिन्यात तिथली बेकारी नऊ टक्क्यांवर गेली होती आणि शरद ऋतूत न्यूयॉर्क महापालिकेचं दिवाळं निघता निघता राहिलं, हे कार्डावर कशाला छापतील? भाव सगळे सांगतात. पगार कोणी सांगत नाही, आणि त्या पगारातून काय कापलं गेलं हे तर नाहीच नाही.

म्हणून बंगळूरचं 1975 सालचं कार्ड मी माझ्या हातानं लिहायला घेतलंय. आज राहतो जे. पी. नगरात. तेव्हा हे नगरच नव्हतं. सरक्की, पुट्टेनहळ्ळी ही गावं होती, त्यांची तळी होती, आणि जयनगर संपलं की शहर संपलं असं आम्ही धरून चालायचो. 1971 च्या शिरगणतीत सगळ्या बंगळूरची वस्ती साडेसोळा लाख. मिरजेहून मीटर गेजच्या गाडीनं रात्रभर हादरे खात मी इथे आलो, केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकून म्हणून लागलो आणि हनुमंतनगरात भाड्याची जागा घेतली. घरमालक कानडी, पण शेजारी दोन-तीन घरं मराठीच. मात्र पुण्या-मुंबईचं मराठी नव्हे. शहाजीराजांना बंगळूरची जहागीर मिळाली तेव्हापासून किंवा त्यानंतर केव्हातरी आलेल्यांचं, कानडी हेल पुरता मुरलेलं. गवीपुरातल्या गोसावी मठाकडे बोट दाखवून ते मला ऐकवायचे, “तुम्ही काल आलात, आम्ही इथलेच.”

आता पगार. तिसऱ्या वेतन आयोगानं लोअर डिव्हिजन क्लार्कची श्रेणी 260 ते 400 ठरवली होती. म्हणजे मूळ पगार 260 रुपये. त्या वर्षी सोन्याचा भाव दहा ग्रॅमला साधारण 540. दोन महिन्यांचा मूळ पगार जसाच्या तसा सराफाच्या गादीवर ठेवला तरी वीस रुपये कमीच पडायचे. आज त्याच श्रेणीचा मूळ पगार 19,900 आहे आणि दहा ग्रॅम सोनं लाखाच्या वर. म्हणजे सोन्यात मोजलं तर तेव्हाचा कारकून आजच्या कारकुनापेक्षा श्रीमंत निघतो! हा हिशोब मांडून दाखवला की नातवंडं गप्प बसतात. पण सोनं रोज लागत नाही. रोज लागायचं तांदूळ, तेल, रॉकेल. आणि 1974 साली देशातली महागाई वर्षाला 28 टक्क्यांच्या वेगानं वाढत होती. किराण्याची यादी सौ.च्या आधी माझी आई करायची, आणि त्या वर्षी तिनं यादी करणंच सोडलं. गल्ल्यात काय उरलंय ते बघून दुकानात जायची.

महागाई वाढली की महागाई भत्ता वाढतो, हा नोकरदाराचा एकुलता एक आधार. सरकारनं 1974 च्या जुलैत तोच अर्धा काढून घेतला. सक्तीच्या ठेवीचा कायदा आला. वाढीव भत्त्यातला निम्मा भाग हातात न येता सरकारकडे ठेव म्हणून जमा, आणि पगारवाढ झालीच तर ती सगळीच्या सगळी ठेवीत. बाजारात पैसा कमी फिरला की भाव उतरतील, असा विचार. व्याज मिळणार होतं आणि पुढे हप्त्याहप्त्यानं पैसे परत आलेही, तेव्हा लुबाडलं असं म्हणणार नाही. पण त्या महिन्यात आईच्या डोळ्याच्या औषधाला ते पैसे हवे होते, आणि ते कुठेतरी व्याज मिळवत बसले होते. शेजारचे गृहस्थ गिरणीत होते. 1975 च्या सप्टेंबरात वटहुकूम निघून किमान बोनस 8.33 टक्क्यांवरून चार टक्क्यांवर आला, तेव्हा त्यांच्या घरची दिवाळी अर्ध्यावर आली. एरवी मोर्चा निघाला असता. आणीबाणीत मोर्चा कोण काढणार?

भाव मात्र खरोखर थांबले. 1975 साली महागाई सहा टक्क्यांच्या आत आली आणि 1976 साली तर भाव साडेसात टक्क्यांनी खाली घसरले. सोनं 432 वर आलं. माझ्या वयाची माणसं आजही हे दिवस आठवून म्हणतात की गाड्या वेळेवर धावत होत्या, कचेरीत लोक वेळेवर येत होते, वाणी मापात मारत नव्हता. खोटं नाही. मीही दहाच्या ठोक्याला मस्टरवर सही करत होतो. फक्त ही स्वस्ताई कुणाच्या खिशातून आली, एवढंच विचारायचं असतं.

त्याचं उत्तर मला लालबाग रस्त्यावर मिळालं. मावळ्ळी टिफिन रूम्स, म्हणजे एम.टी.आर. 1924 पासूनचं हॉटेल. दुसऱ्या महायुद्धात तांदूळ मिळेना म्हणून यांनी रव्याची इडली काढली, ती आज सगळ्या दक्षिणेत चालते. म्हणजे टंचाईशी यांची जुनी ओळख. आणीबाणीत सरकारनं हॉटेलांतल्या खाण्याचे दर इतके खाली बांधून दिले की चांगल्या तुपात, चांगल्या तांदळात ते बसेचनात. बाकीच्यांनी काय केलं असेल ते सांगायला नको. इडली लहान झाली, सांबार पातळ झालं. एम.टी.आर.नं दर्जा तोच ठेवला, दर सरकारी ठेवला, आणि रोज किती तोटा झाला त्याचा आकडा दारावर लिहून लावायला सुरुवात केली. आत डोसा खायचा आणि बाहेर पडताना त्या डोशाचा तोटा वाचायचा. आणीबाणीत माझ्या पाहण्यातला सर्वांत धीट मजकूर तोच, आणि त्यात नुसते आकडे होते! वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता. हॉटेलच्या फळ्यावर कुणी कात्री चालवली नाही.

शेवटी त्यांनी हॉटेल बंद केलं आणि पिठांची पाकिटं विकायला घेतली. रवा इडलीचं तयार पीठ, असं काहीबाही. हॉटेल पुढे पुन्हा उघडलं, पण पाकिटांचा धंदा राहिला तो राहिलाच. आज भाच्याची बायको न्यू जर्सीत एडिसन गावातल्या दुकानातून तीच पाकिटं आणते.

करमणुकीला घरात फक्त रेडिओ. बंगळूरला दूरदर्शन 1981 च्या नोव्हेंबरात आलं, त्याआधी टी.व्ही. ही मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांनी सांगायची गोष्ट. बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची बिनाका गीतमाला, आणि गल्लीतल्या एकाच्या घरी रेडिओ मोठा केला की बाकीच्यांना लावावा लागत नसे. 1975 सालच्या वार्षिक यादीत पहिलं आलं ते प्रेमाचं गाणं नव्हतं. ‘रोटी कपडा और मकान’मधलं महागाईवरचं गाणं होतं. सबंध देशानं वर्षभर गुणगुणलेलं गाणं वाण्याच्या भावांबद्दल असावं, यापेक्षा त्या सालाचं वेगळं वर्णन करायला नको. पुढच्या मे महिन्यात किशोरकुमारची गाणी आकाशवाणीवर बंद झाली. सरकारी कार्यक्रमात गायला नकार दिला म्हणून.

‘शोले’ तर आमच्या अंगणातला. बंगळूर-म्हैसूर रस्त्यावरच्या रामनगरच्या खडकांत 1973 च्या ऑक्टोबरात चित्रीकरण सुरू झालं. कलादिग्दर्शक राम येडेकर, आपलेच. त्यांनी त्या खडकांच्या कुशीत आख्खं रामगढ उभं केलं. सिनेमा 1975 च्या 15 ऑगस्टला आला. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला पायाखाली ठेचून मारतो. आणीबाणीतल्या सेन्सॉरला ते पटलं नाही, म्हणून ऐन वेळी पोलीस येऊन गब्बरला घेऊन जातात. कायदा कुणी हातात घ्यायचा नाही, असं त्या वर्षी बजावलं गेलं, हा विनोद आम्हाला नंतर कळला.

त्याच ऑगस्टात तामिळमध्ये के. बालचंदरांचा ‘अपूर्व रागंगळ’ लागला आणि त्यात शेवटाकडे एक फाटक खोलून एक नवा नट आत आला. शिवाजीराव गायकवाड, आमच्याच हनुमंतनगरातला मराठी मुलगा, वडील पोलीस खात्यात, स्वतः बी.टी.एस.च्या बसवर कंडक्टर. मार्ग 10 ए. आता तो रजनीकांत झाल्यावर हनुमंतनगरातला जो भेटेल तो सांगतो की मी त्याच्याकडून तिकीट घेतलंय. या सगळ्यांनी खरंच तिकीट काढलं असतं तर बी.टी.एस. कधी तोट्यात गेली नसती. मी आलो तोवर तो मद्रासला गेला होता, तेव्हा मला ही थाप मारता येत नाही.

क्रिकेटनं मात्र मला त्या वर्षी खाली मान घालायला लावली. 7 जूनला लॉर्ड्सवर पहिल्या विश्वचषकाचा पहिला सामना. इंग्लंड 60 षटकांत 334. आपला गावस्कर सलामीला गेला, शेवटपर्यंत टिकला, 174 चेंडूंत नाबाद 36. घरमालक दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी भरताना म्हणाले, “काय हो राव, तुमचा सुनील अजून खेळतोय का?” त्यांच्या कर्नाटकच्या विश्वनाथनं त्या सामन्यात 37 केल्या होत्या, अर्थातच ते दहा वेळा ऐकवून झालं. पुढे विश्वनाथनं गावस्करच्याच बहिणीशी लग्न केलं, तेव्हा मी पेढे घेऊन वर गेलो आणि हिशोब चुकता केला.

त्या सामन्यानंतर तीन आठवडेही झाले नव्हते. आणीबाणी जाहीर झाली त्या 26 जूनच्या सकाळी अटलबिहारी वाजपेयी, अडवाणी, श्यामनंदन मिश्र आणि आपले मधु दंडवते संसदीय समितीच्या बैठकीसाठी बंगळुरातच होते. इथेच धरले गेले आणि शेषाद्री रोडवरच्या मध्यवर्ती तुरुंगात गेले. दंडवते राजापूरचे खासदार, भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. ते इथे बंगळूरला आत, प्रमिलाताई येरवड्याला आत, आणि संसार पत्रांवर. कचेरीला जाताना माझी बस त्या भिंतीवरून जायची. बसमध्ये कोणी तिकडे बघत नसे, आणि न बघण्याची ती रीत मीही पटकन शिकलो. आज तिथे फ्रीडम पार्क आहे. दंडवते 1977 ला रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर दोन इंच फोम आला. मिरजेच्या गाडीत त्यावर पहिल्यांदा पाठ टेकली तेव्हा आई म्हणाली, तुरुंगात माणूस लाकडावर झोपला असणार, त्याशिवाय हे सुचायचं नाही.

जयप्रकाश नारायणांना दिल्लीत धरलं होतं. चंदीगडच्या रुग्णालयात ठेवलं, आणि मूत्रपिंडं निकामी झाल्यावर नोव्हेंबरात सोडलं, आणि मग ते मुंबईच्या जसलोकमध्ये दाखल झाले. डिसेंबरात कऱ्हाडला साहित्य संमेलन भरलं. स्वागताध्यक्ष केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण, आणि त्यांच्या समोर अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी जयप्रकाशांना आराम पडावा म्हणून सभेला प्रार्थनेसाठी उभं केलं. ही बातमी आम्हाला कोण्या पाहुण्यानं तोंडी सांगितली.

1977 ची निवडणूक आली तेव्हा भाव उतरलेले होते. कर्नाटकातल्या 28 पैकी 26 जागा काँग्रेसनं जिंकल्या. उत्तरेत धुव्वा उडाला, इथे नाही. मुख्यमंत्री देवराज अरसांचं काम होतं, आणि स्वस्ताईही होतीच. उरलेल्या दोनांतली एक जागा दक्षिण बंगळूरची, ज्यात तेव्हा आमचं हनुमंतनगर होतं आणि आज जे. पी. नगर येतं. तिथून जनता पक्षाचे के. एस. हेगडे निवडून आले. 1973 साली ज्येष्ठता डावलली म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदाचा राजीनामा दिलेले हेच हेगडे पुढे लोकसभेचे सभापती झाले. घरमालकांनी मत कुणाला दिलं ते कधी सांगितलं नाही. मी माझं त्यांना सांगून टाकलं, आणि त्यांनी त्या महिन्याचं भाडं नेहमीसारखंच मोजून घेतलं.