तुटलेल्या पायऱ्या आणि कल्याणची गाडी

कल्याणहून कर्जतकडे निघालेली गाडी अंबरनाथच्या आसपास आली की उजव्या हाताला मलंगगडाचा सुळक्यासारखा माथा दिसू लागतो. रोज ये-जा करणाऱ्यांना त्याचे अप्रूप उरलेले नसते. तरीही या परिसरातल्या प्रस्तरारोहणाचा इतिहास लिहायचा तर सुरुवात याच माथ्यापासून करावी लागते.

1780 साली, पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात, कॅप्टन ॲबिंग्टनच्या तुकडीने मलंगगडाची खालची माची काबीज केली. शिबंदी वरच्या बालेकिल्ल्यात गेली आणि इंग्रजांना तो घेता येईना. अडीच हजार फुटांहून किंचित उंच असलेल्या या गडाचे खरे बळ तटबंदीत नव्हते, ते कातळात खोदलेल्या अरुंद जिन्यात होते. मोजक्या माणसांनी तो अडवला की खालच्या फौजेचे संख्याबळ निरर्थक ठरे. हा धडा इंग्रज विसरले नाहीत. 1818 मध्ये पेशवाई बुडाल्यावर कॅप्टन डिकिन्सनने कोकणातल्या किल्ल्यांची पाहणी केली, आणि त्या काळात अनेक गडांच्या वाटा व पायऱ्या जाणूनबुजून निकामी करण्यात आल्या. गड पुन्हा कुणाच्या हाती लागला तरी उपयोगाचा राहू नये, एवढाच हेतू.

या विध्वंसाचा एक परिणाम कुणाच्याच ध्यानीमनी नव्हता. जिथे जिना होता तिथे उघडा कडा उरला. शिलेदार आणि वाटसरू यांच्यासाठी गड बंद झाला, पण दोर घेऊन येणाऱ्या गिर्यारोहकासाठी तो पुढे खुला झाला. मलंगगडाच्या सोनेमाचीवरून बालेकिल्ल्याकडे जाताना जिथे पायऱ्या ढासळल्या आहेत, तिथे आज लोखंडी पाइपावरून पलीकडे सरकावे लागते. खाली दरी, हातात थंड लोखंड. इतिहासातली तूट अशी तळहाताला कळते.

दुसरी गोष्ट रेल्वेची. 1853 साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. 1854 मध्ये ठाण्याची खाडी ओलांडून आणि पारसिकच्या डोंगराला बोगदे पाडून ती कल्याणला पोचली. पुढे एक फाटा भोर घाटाकडे गेला आणि दुसरा थळ घाटाकडे. इगतपुरीपर्यंतचा मार्ग 1865 साली सुरू झाला. त्याच वर्षी आल्प्समध्ये एडवर्ड व्हिम्परने मॅटरहॉर्न सर केला. ज्या सत्तेने पायऱ्या तोडल्या तिनेच रूळ टाकले, आणि शे-सव्वाशे वर्षांनी डोंबिवली-कल्याणच्या चाळींतला कारकून त्याच रुळांवरून शनिवारी रात्री निघून रविवारी कड्याला भिडू लागला. कसाऱ्याच्या बाजूला माहुली, कर्जतच्या बाजूला राजमाची आणि नागफणी, तर कल्याणहून मुरबाडमार्गे एस.टी.ने गोरखगड आणि नाणेघाट. सरावाला तर मुंब्र्याचे कातळ रेल्वे स्थानकाच्या डोक्यावरच उभे. आमच्या गिर्यारोहणाला लोकलच्या वेळापत्रकाने जितके घडवले तितके कुठल्या ग्रंथाने घडवले नसेल.

युरोपातला आरोहक उन्हाळ्यात खडक चढतो आणि हिवाळ्यात पायांना स्की बांधून त्याच पर्वतांत हिंडतो. त्याचे वर्ष हिमाने विभागलेले असते, आमचे पावसाने. जून ते सप्टेंबर कातळावर शेवाळ आणि धबधबे, म्हणून दोर माळ्यावर. ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत खरा हंगाम. मार्चनंतर बेसॉल्ट इतका तापतो की दुपारी हात ठेववत नाही. लाव्ह्याच्या एकावर एक साचलेल्या थरांचा हा दगड स्वभावानेही विचित्र: एक थर पोलादासारखा घट्ट, त्यावरचा सच्छिद्र आणि भुसभुशीत. खोबण हाती येते, तशीच निखळूनही येते. शिवाय कपारींत आग्या मोहोळे. आल्प्सच्या पुस्तकांत यातल्या कशावरच तोडगा नव्हता. तो इथेच, अनुभवाने शोधावा लागला.

बर्फाची हौस मात्र हिमालयातच भागवावी लागे, आणि तीही मे-जूनच्या सुट्टीत, रजा साठवून. 1954 मध्ये मुंबईत 'गिरिविहार' ही संस्था स्थापन झाली. 1988 साली वसंत लिमये यांच्या नेतृत्वाखाली तिची मोहीम थेट कांचनजंगेवर गेली. शिखर हाती आले नाही. दहा वर्षांनी, 1998 मध्ये, हृषीकेश यादव यांच्या मोहिमेत सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले. सह्याद्रीच्या हंगामात घडलेली माणसे कुठवर जाऊ शकतात, हे यातून सिद्ध झाले.

तरीही या इतिहासात एक उणीव आहे, आणि ती आपली आहे. 'पहिली चढाई' अशी नोंद आपण ज्या सुळक्यांवर करतो, त्यांना नावे आधीच होती. आसनगावहून दिसणाऱ्या माहुलीच्या सुळक्यांना पायथ्याचे लोक नवरा, नवरी, भटोबा म्हणतात. एक अख्खे लग्नाचे वऱ्हाड त्यांनी दगडात पाहिले. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांच्या अनवाणी पायांना या रानाच्या वाटा आपल्या नकाशांच्या आधीपासून ठाऊक आहेत. आपल्या मोहिमांच्या अहवालांत मात्र ते बहुधा 'गावातला वाटाड्या' एवढ्यापुरतेच येतात, नावाशिवाय.

डिकिन्सनचे नाव आपल्याला ठाऊक आहे, कारण त्याने लिहून ठेवले. मलंगगडाचा जिना ज्यांनी छिन्नीने खोदला, त्यांचे एकही नाव आपल्यापाशी नाही. त्यांची भरपाई आता होणे नाही. पण पुढच्या हंगामात जो कुणी अहवाल लिहील, त्याने वाटाड्याचे नाव विचारून घ्यावे. तेवढी एक पायरी आपल्याला पुन्हा बांधता येईल.