भंगारात जाण्याआधी : चाकू, विळी आणि अडकित्त्याची गोष्ट

आजचा विषय धारेचा आहे.

अमेरिकेत जुने चाकू जमवणाऱ्यांचं एक भलंमोठं जग आहे. एक म्हणजे मिटवून खिशात ठेवायचे चाकू. दुसरे म्हणजे जेवणाच्या टेबलावर अख्खा भाजलेला टर्की किंवा मांसाचा मोठा तुकडा कापायचे संच. या संचात साधारण तीन नग असतात : लांब सुरी, दोन दातांचा मोठा काटा आणि सुरीची धार सरळ करायची पोलादी कांडी. काट्याला बहुतेक वेळा एक छोटी उभी होणारी पट्टी असते. सुरी घसरली तर ती बोटांऐवजी या पट्टीवर अडते. कनेक्टिकट राज्यातल्या न्यू ब्रिटन गावची 'लँडर्स, फ्रेरी अँड क्लार्क' ही अशा वस्तू बनवणारी नावाजलेली कंपनी.

आता निफाडात बसून हे ऐकणारा म्हणेल, आपला काय संबंध? तर संबंध मुठीपाशी आहे. या सुऱ्यांच्या भारी मुठी शिंगाच्या असायच्या, आणि त्यासाठी सगळ्यात जास्त मागणी होती भारतातल्या सांबराच्या शिंगाला. सांबर नर शिंगं गाळतो, त्याला नवी येतात. जंगलात पडलेली ही शिंगं गोळा होऊन बोटीने इंग्लंडमधल्या शेफील्डला आणि अमेरिकेला जायची. सांबराचं शिंग आतून कमी पोकळ, बाहेरून खरबरीत. हात तेलकट असला तरी मूठ सुटत नाही. म्हणजे आपल्या जंगलातला माल तिकडच्या सणाच्या ताटापाशी पोचला होता. आज आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने शिंगांचा व्यापार बंद आहे. तेव्हा जुन्या बाजारात कोणी 'असली शिंगाची मूठ' म्हणून काही दाखवलं, तर हात जोडा आणि पुढे चला.

खिशातल्या चाकूंचे संग्राहक तर फारच काटेकोर. पात्याच्या मुळाशी, मुठीजवळ, कंपनीचा शिक्का असतो. भिंगाने तो वाचायचा आणि चाकूचं वय काढायचं. पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्डच्या 'केस' कंपनीने १९७० साली शिक्क्याखाली दहा ठिपके द्यायला सुरुवात केली आणि पुढे दरवर्षी एक ठिपका कमी केला. ठिपके मोजा, साल मिळालं! पण मला खरी गंमत वाटते ती दुसऱ्याच नियमाची. ज्या चाकूला कधी धारच लावली नाही, त्याला सगळ्यात जास्त भाव. वापरून झिजलेलं पातं म्हणजे किंमत उतरली.

म्हणजे चाकूने जन्मभर काहीही कापलं नसेल, तर तो मौल्यवान. हे मला काही पटत नाही. असा चाकू कारखान्याबद्दल सगळं सांगतो, पण तो ज्याच्या खिशात होता त्या माणसाबद्दल काहीच सांगत नाही.

खिशातला चाकू आपल्याकडेही होता बरं का. मोडी लिहायची ती बोरूने. बोरूचं टोक तिरकं तासावं लागतं आणि लिहून लिहून ते बोथट झालं की परत तासावं लागतं. त्यासाठीच्या छोट्या चाकूला फारसीतून आलेलं नाव कलमतराश. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म निफाडचा, १८४२ सालचा. त्या काळच्या कुठल्याही कचेरीत दऊत, बोरू आणि तासायचा चाकू हे तिघे एकत्रच असणार. टाक आला, मग फाउंटन पेन आलं, आणि त्या चाकूचं काम संपलं. काम संपलं की वस्तू घरातून कशी नाहीशी होते, ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

स्वयंपाकघरात मात्र आपली रीत अगदी उलटी. तिकडे पदार्थ स्थिर आणि सुरी फिरते. आपल्याकडे विळी स्थिर आणि भाजी फिरते. पाटावर पाय दाबून बसायचं, दोन्ही हात मोकळे, पात्याच्या टोकाला नारळाची खवणी. जमिनीवर बसून स्वयंपाक करणाऱ्या घराने घडवलेलं हे हत्यार. पुढे ओटा आला, बाई उभी राहून स्वयंपाक करायला लागली, आणि विळी आधी कोपऱ्यात आणि मग माळ्यावर गेली.

ही विळी जमवून कोण ठेवणार? तिच्यावर शिक्का नाही, ठिपके नाहीत. गावच्या लोहाराने घडवलेली, पाणी दिलेली, आणि धार लावून लावून मधेच खोलगट झालेली. पण तो खोलगटपणा म्हणजे कोणाच्या तरी चाळीस वर्षांच्या भाज्या आहेत.

आणि इथे पुण्याच्या एका माणसाचं नाव घ्यायलाच हवं : दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०). 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे. त्यांनी १९२० च्या सुमाराला जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. पण राजेरजवाड्यांच्या तलवारींवरच ते थांबले नाहीत. दिवे, वज्री, स्वयंपाकाची भांडी, वाद्यं आणि अडकित्ते, असं सगळं घरगुती त्यांनी गोळा केलं. पत्नी कमलाबाईंची त्यात पूर्ण साथ होती. त्यांचा एकुलता एक मुलगा राजा लहानपणीच, सात वर्षांचा असताना गेला. संग्रहालयाला त्याचंच नाव दिलं : राजा दिनकर केळकर संग्रहालय. १९७५ साली केळकरांनी सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. आज तिथे वीस हजारांहून जास्त वस्तू आहेत. त्यातल्या साधारण अडीच हजारच मांडलेल्या असतात.

तिथले अडकित्ते बघाच. दोन दांड्या, एक बिजागरी, वरच्या दांडीला पातं, मधे सुपारी. काम एवढंसं, पण रूपं किती! पोपट, मोर, घोडा, माणसं. कारण अडकित्ता पाहुण्यासमोर निघायचा. पानाचं तबक फिरायचं तेव्हा घराची ऐपत त्यात दिसायची. शिवाय लग्नात नवरदेवाच्या हातात कट्यार आणि टोकाला लिंबू असतं ना, तिथे काही घरांत अडकित्ताही देतात. मान होता म्हणून तो टिकला. विळीला तो मान कधी मिळाला नाही, कारण ती पाहुण्यासमोर आलीच नाही. पुरुषाच्या बैठकीतली वस्तू काचेच्या कपाटात आणि बाईच्या हातातली भंगारवाल्याच्या काट्यावर, असा हा हिशोब आहे.

आपल्या तालुक्यात तर आजही धारेवरच पोट चालतं. द्राक्षाची एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, मग विरळणीची बारीक कात्री. लासलगाव, पिंपळगावला जाणाऱ्या कांद्याची पात कापायला विळा. या हत्यारांची पिढी दर पाच-दहा वर्षांनी बदलते आणि जुनी किलोवर जाते.

तुम्हाला काही ठेवायचंच असेल तर ऐका. गंज दिसला म्हणून पॉलिश पेपरने घासू नका. लोहाराच्या हातोडीच्या खुणा त्यात निघून जातात. कोरड्या फडक्याने पुसा, पातळ तेलाचा हात द्या. आजीला विचारा : कुठून आणली, कोणी घडवली, धार कोण लावायचं? उत्तर मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि चिठ्ठीवर गावाचं नाव लिहून वस्तूला बांधा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होऊ शकतो. ती देशाबाहेर विकायचा विचारही नको. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची गोष्ट शस्त्र नियमांत येते, पण घरकामाची आणि शेतीची हत्यारं त्यातून वगळली आहेत. त्यामुळे आजीच्या विळीसाठी काही परवाना लागत नाही!

आणि हो, तुमच्या घरी तिला विळी म्हणतात, इळी म्हणतात की मोरळी? गावाच्या नावासकट आवाजी मेसेज पाठवा. पुढच्या भागात ते सगळे आवाज ऐकवू.