टाकी कुणी पाडली?

गेल्या मे महिन्यात गावाकडे रात्री लाईट गेली आणि आम्ही सात जणांनी एका मोबाईलवर 'युनियन पॅसिफिक' पाहिला. मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता. सिनेमा १९३९ चा, सेसिल बी. डीमिलचा. अमेरिकेत पूर्वेकडून पश्चिमेकडे रेल्वे टाकली जाते, त्याची ही सव्वादोन तासांची गोष्ट. घोडे, पिस्तुलं, जुगारी, बँकवाल्याचं कारस्थान, एका मुलीवर जीव टाकणारे दोन मित्र. मी डाउनलोड केला होता एका लेखासाठी. बाकीचे बसले ते दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून.

इंग्रजी कळत नसल्यामुळे सगळ्यांचं लक्ष फक्त चित्रांवर. मी अधूनमधून अर्थ सांगत होतो. एका प्रसंगात तिथले मूळ रहिवासी, ज्यांना आपण बिनदिक्कत 'रेड इंडियन' म्हणतो, पाण्याची टाकी रुळांवर पाडतात. गाडी उलटते, डब्यात नायक-नायिका अडकतात आणि मग जळत्या पुलावरून सैन्याची गाडी धावत येते. पुण्याला नोकरी करणारा चुलतभाऊ म्हणाला, "हे तर शोलेच की." त्याचं फारसं चुकलं नव्हतं. 'शोले'मधला गाडीवरचा हल्ला पनवेल-उरण लायनीवर चित्रित झाला, पण त्याचं बी असल्याच सिनेमांतलं.

आबा मात्र गप्प होते. थोड्या वेळाने म्हणाले, "टाकी पाडली ते दावलं. का पाडली ते कुटं दावलं?"

या प्रश्नापाशी मी बराच वेळ अडकलो. कारण आपल्या लोकांनी हॉलिवूडला असा प्रश्न त्याच काळात विचारला होता. १९३८ मध्ये मुंबईत 'द ड्रम' या सिनेमाविरुद्ध निदर्शनं झाली. त्यात सरहद्दीवरचे पठाण कपटी आणि इंग्रज अधिकारी शूर दाखवले होते. सिनेमा उतरवावा लागला. पुढच्या वर्षी 'गंगा दीन'वरही बंदी आली. 'युनियन पॅसिफिक' त्याच वर्षीचा. म्हणजे आपल्याला पडद्यावर रानटी दाखवलं की आपण लगेच ओळखत होतो. दुसऱ्या कुणाला तसं दाखवलं की मात्र गाडी वेळेत पोचावी म्हणून आपण जीव मुठीत धरून बसायचो. मीही त्या रात्री तसाच बसलो होतो.

आबांना तसं वाटलं नाही, त्याला कारण आहे. त्यांनी रेल्वे उलट्या बाजूने पाहिलीय.

आमच्या जिल्ह्याची रेल्वे म्हणजे बार्शी लाईट. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरचं हे खूळ. बार्शी कापसाची मोठी पेठ, पण मुंबईकडे जाणारी मोठी लाईन कुर्डुवाडीवरून गेलेली. मधला सगळा माल बैलगाडीने. कॅलथ्रॉपने हिशेब मांडला: रुळांमधलं अंतर अडीच फूट ठेवायचं आणि कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही. मग रूळ हलके चालतात, पूल स्वस्तात होतात, आणि भार जास्त चाकांवर वाटला की माल तरी भरपूर जातो. १८९५ मध्ये लंडनला कंपनी निघाली, १८९७ मध्ये बार्शीला गाडी आली. त्या काळी कुर्डुवाडी स्टेशनचं नावच 'बार्शी रोड' होतं. १९११ पर्यंत ही लाईन लातूरला आणि १९२७ मध्ये दुसऱ्या टोकाने पंढरपूरमार्गे मिरजेला पोचली. एकूण सव्वातीनशे किलोमीटर. (हाच कॅलथ्रॉप अरबी घोडे पाळायचा, आणि मित्र विमान अपघातात गेल्यावर पॅराशूट बनवण्याच्या मागे लागला. त्याच्यावर सिनेमा कसा निघाला नाही, देव जाणे.)

बार्शी इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात, येडशीपासून पुढचा मुलूख निजामाचा. म्हणजे आमची 'सरहद्द' खरोखरच होती, करोडगिरीच्या नाक्यासकट. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या भीतीने माणसं याच हद्दीपलीकडे बार्शीच्या बाजूला गेली, आणि मुक्तिसंग्रामाचे कॅम्पही तिकडेच होते. आबा तेव्हा लहान होते. त्यांच्या लेखी रूळ म्हणजे 'तिकडं गेलं की वाचलो' अशी दिशा होती. याच पट्ट्यातल्या कसबे तडवळ्यात १९४१ च्या फेब्रुवारीत महार-मांग परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले आणि बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. शंभर वर्षांत या लाईनीभोवती जे घडलं त्यात वेस्टर्नला पुरतील असे चार-पाच सिनेमे सहज आहेत.

आणि ज्या गावाच्या नावाने जिल्हा, ते धाराशिव या लाईनीवर नव्हतंच. गाडी वीसेक किलोमीटरवरच्या येडशीवरून निघून जायची. लातूर १९८२ पर्यंत आमच्याच जिल्ह्यातलं, तिथे रेल्वे होती. जिल्ह्याच्या ठिकाणी नव्हती. बार्शी लाईट १९५४ मध्ये सरकारने घेतली, तरी अंतर तेवढंच राहिलं. ब्रॉडगेज करताना लाईन वळवली, तेव्हा कुठे २००७ मध्ये लातूरकडून आणि २००८ मध्ये कुर्डुवाडीकडून शहराला रूळ जोडले गेले. बार्शीनंतर तब्बल ११० वर्षांनी म्हणा ना. आबांना टाकी पाडणाऱ्यांबद्दल जरा आपुलकी वाटली, ती यातूनही आली असेल. रेल्वे कुठून जाणार हे ज्यांना कुणी विचारलं नाही, त्यांच्यातले ते.

आजीची तक्रार वेगळी होती. "रूळ टाकायलेत, पर बाया कुटं हायत?"

खरंच नव्हत्या. नायिका होती, दारूच्या गुत्त्यातल्या होत्या. मातीची पाटी डोक्यावर घेतलेली एकही नाही. आपल्याकडे रेल्वेचं मातीकाम म्हणजे अख्खं बिऱ्हाड. नवरा खणतो, बायको वाहते, पोर झाडाच्या सावलीत. वडार समाजाच्या कितीतरी पिढ्या दगड फोडण्यात आणि भराव घालण्यात अशाच गेल्या. बोरघाट १८५६ ते १८६३ मध्ये बांधला, तेव्हा ऐन भरात ४० हजारांवर माणसं कामावर होती. पटकीने आणि अपघातांनी किती मेली त्याचे अंदाज हजारांत आहेत. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल आल्या आल्या वारला आणि ठेका त्याच्या बायकोने, अ‍ॅलिसने, पुढे चालवला. तिचं नाव इतिहासात आहे, पाटीवालीचं नाही. अमेरिकेतही तेच. सिएरा पर्वत फोडणारे हजारो चिनी मजूर होते, पण १० मे १८६९ ला दोन्ही इंजिनं समोरासमोर आली त्या प्रसिद्ध फोटोत ते जवळजवळ दिसतच नाहीत.

सिनेमात मजुरांच्या पगाराची पेटी लुटली जाते, तिथे आजी सरसावून बसली. पुढचे गोळीबार तिने पाहिले नसावेत. दर दहा मिनिटांनी एकच विचारायची, "पगार झाला का त्यांचा?" बोरघाटात १८५९ मध्ये मजुरी थकली म्हणून मजूर भडकले होते, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मग."

या सिनेमाला २००२ मध्ये कान महोत्सवाने पाम दोर दिला, १९३९ चा पहिला महोत्सव युद्धामुळे बारगळला होता त्याची भरपाई म्हणून. परीक्षकांचं मत काय पडलं असेल ते असो. आमच्या ओसरीवर चुलतभाऊ अर्ध्यात झोपला, आबांना इंजिनं आवडली, गोष्ट नाही.

शेवटी सोन्याचा खिळा ठोकतात. बॅटरी चार टक्क्यांवर आली होती. आजीने विचारलं, सोन्याचा खिळा तिथेच ठेवला का? मी सांगितलं, नाही, समारंभ झाल्या झाल्या काढून घेतला, आता एका विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे.

"मग रूळ कशावर ऱ्हायला?"

साध्या लोखंडी खिळ्यावर, म्हटलं.