इमारत, पेढी आणि जडवस्तू : वऱ्हाडातील व्यापारी वास्तूंच्या अंतर्गत सामानाची वर्गवारी

प्रास्ताविक

व्यापारी वास्तूंचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष दर्शनी भाग, कमानी, सागवानी खांब आणि मूळ मालकाचे नाव यांकडे जाते. आत काय मांडलेले होते, ते कोणाच्या मालकीचे होते आणि कोणत्या कागदावर नोंदले गेले, हा प्रश्न बहुधा उपेक्षित राहतो. वस्तुतः बांधकाम कोठे संपते आणि सामान कोठे सुरू होते, ही सीमारेषा लाकूड, दगड वा कापड यांवरून क्वचितच ठरते. वस्तू कोणाची व तिचा खर्च कोणी करावयाचा, यावरून ती ठरते. अमरावती व अकोला या दोन कापूसपेठांच्या संदर्भात ही सीमारेषा कशी सरकत गेली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पेढी आणि जिन

१८५३ च्या तहाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रशासनाखाली आला. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धामुळे हिंदी कापसाला मागणी आली आणि १८६७ मध्ये रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरपर्यंत पोहोचली. कापसाच्या व्यापारामागोमाग बाजाराचे नियमनही आले. १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने कारंजा येथे नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला. दलाल व मापारी यांना परवाने, बाजाराची निश्चित जागा, वजनकाट्यावर देखरेख हे या नियमनाचे विषय होते. काटा अशा रीतीने सार्वजनिक देखरेखीखाली आला; पेढीच्या उंबरठ्याच्या आत मात्र कायद्याने पाऊल टाकले नाही.

पेढीचे अंतरंग साधे असे. जाजम वा सतरंजी, तिच्यावर पांढऱ्या आच्छादनाची गादी, लोड-तक्के, मुनिमासाठी बसून लिहिण्याचे उतरत्या पाठीचे बुटके मेज, गल्ल्याची पेटी, वह्या आणि तिजोरी. यांपैकी कोणतीही वस्तू भिंतीला जडलेली नसे. व्यापाऱ्याने जागा बदलली की पेढी त्याच्याबरोबर जाई; मागे राहत ती रिकामी खोली आणि कोनाडे. ‘गादी’ हा शब्द मराठीत अंथरुणाप्रमाणेच अधिकार व वारसा यांचाही वाचक आहे, आणि मुलगा ‘गादीवर बसला’ असे म्हणताना या अर्थांची फारकत करता येत नाही. ज्या वस्तूला व्यवहारात एवढे महत्त्व, ती इमारतीच्या कोणत्याही कागदात नसावी, हे लक्षणीय आहे.

जिनिंग-प्रेसिंग कारखान्याची स्थिती नेमकी उलट होती. तेथील यंत्रे पायात बसविलेली असत. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या तिसऱ्या कलमात ‘भूमीशी संलग्न’ या संज्ञेची व्याख्या आहे : जमिनीत रुजलेले, जमिनीत गाडलेले, अथवा अशा गाडलेल्या वास्तूच्या कायमस्वरूपी लाभदायक उपभोगासाठी तिला जोडलेले. यातील तिसरा घटक खरा वादाचा, कारण तेथे जोडणीइतकाच जोडण्यामागील हेतू महत्त्वाचा ठरतो. याच कायद्याच्या १०८ व्या कलमानुसार भाडेकरूने स्वतः जोडलेली वस्तू तो काढून नेऊ शकतो. मात्र जागा मूळ स्थितीत सोडावी लागते. (१९०२ च्या करारानंतर निजामाकडून वार्षिक २५ लाख रुपयांवर कायमचा पट्टा घेऊन इंग्रजांनी अख्खा वऱ्हाडच आपल्याकडे ठेवला होता, भाडेपट्ट्याची भाषा या प्रांताला अपरिचित नव्हती.)

या भेदाचा परिणाम १९७२-७३ च्या हंगामापासून प्रकर्षाने दिसला असावा. महाराष्ट्र शासनाच्या एकाधिकार कापूस खरेदी योजनेमुळे खाजगी व्यापाऱ्यांची कापूस खरेदी थांबली. जिन मात्र योजनेसाठी रुई व गाठी तयार करीत राहिले. जे जमिनीशी संलग्न होते त्याला काम उरले. जे उचलून नेण्याजोगे होते त्या पेढीच्या सामानाचे प्रयोजन संपले. २००२ मध्ये खाजगी खरेदीस पुन्हा वाव मिळाला, तोवर व्यवहार खुर्ची-टेबलावर आला होता.

घनमीटर आणि नग

सार्वजनिक बांधकामाच्या पद्धतीत हीच सीमारेषा मोजमापाच्या एककातून व्यक्त होते. दाराची चौकट घनमीटरमध्ये मोजली जाते, झडप चौरस मीटरमध्ये; टेबल आणि खुर्ची मात्र नगावर. भिंतीतील कपाटाची झडप बांधकामाच्या अंदाजपत्रकात येते, त्याच सागवानाचे सुटे कपाट येत नाही. मेळघाटातील लाकूड परतवाड्याच्या बाजारातून एकाच गाडीने आले, तरी कागदावर त्याच्या दोन जाती होतात. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत लाकूडकामाचे स्वतंत्र प्रकरण आहे, फर्निचरचे नाही. अशा वस्तूंची खरेदी वेगळ्या शीर्षाखाली, वेगळ्या निविदेने होते, आणि ‘उत्तम प्रतीचे’, ‘मान्य नमुन्याप्रमाणे’ अशा शब्दांवर भागविले जाते. लाकडाची जात, फळीची जाडी, सांध्याचा प्रकार लिहिलेला नसेल तर पुरवठ्यानंतर वाद घालण्यास आधारच उरत नाही.

अमेरिकेत कन्स्ट्रक्शन स्पेसिफिकेशन्स इन्स्टिट्यूट या संस्थेने १९६३ मध्ये बांधकामाच्या विनिर्देशांची सोळा विभागांत मांडणी केली आणि त्यांतील बारावा विभाग अंतर्गत सामानाला दिला. २००४ मध्ये विभागांची संख्या पन्नासपर्यंत वाढविण्यात आली, तरी बारावा क्रमांक कायम राहिला. खिडक्यांचे पडदे, बसविलेली कपाटे, सुटे फर्निचर, सभागृहातील सलग आसने हे सर्व तेथे एकत्र येते. ‘युनिफॉर्मॅट’ या दुसऱ्या वर्गीकरणात स्थिर सामान व चल सामान असे दोन पोटभाग आहेत. चल वस्तूलाही इमारतीच्या विनिर्देशात स्थान आहे, हे या मांडणीचे वैशिष्ट्य होय. वऱ्हाडातील गादीला असे स्थान कधी लाभले नाही.

महाराष्ट्रात या दिशेने पहिले ठोस पाऊल १९६३ च्याच मालकी हक्काच्या सदनिकांविषयीच्या कायद्याने टाकले. त्यातील ‘सदनिका’ या संज्ञेत कार्यालय, दुकान, शोरूम व गोदामही येते, आणि जडवलेल्या वस्तू, जोडण्या व सुविधा कोणत्या हे प्रवर्तकाने उघड करावयाचे असते. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने मंजूर आराखडे व विनिर्देशांसह याच बाबी खरेदीदाराच्या संमतीविना बदलण्यास मनाई केली. तथापि संरक्षण मिळते ते प्रवर्तकाने देऊ केलेल्या वस्तूंना. गाळाधारक स्वखर्चाने जो काउंटर, जी मांडणी बसवितो ती पेढीप्रमाणेच करारनाम्याबाहेर राहते.

जडवस्तू नोंदवही

अशा वस्तूंची सलग नोंद ठेवणारा कागद म्हणजे संस्थांची जडवस्तू संग्रह नोंदवही, अर्थात डेडस्टॉक रजिस्टर. महाविद्यालयीन प्राध्यापकांना ती वार्षिक पडताळणीच्या कंटाळवाण्या कामामुळे परिचित आहे. इतिहासाचे साधन म्हणून तिच्याकडे क्वचितच पाहिले जाते. खरेदीचा दिनांक, पुरवठादार, दर, नग आणि शेरा या स्तंभांतून बाके जाऊन खुर्च्या केव्हा आल्या, सागवानाची जागा लोखंडी पत्र्याने केव्हा घेतली, स्थानिक सुताराकडील काम बाहेरगावच्या दुकानाकडे केव्हा गेले, हे वर्षागणिक मांडता येते. अमरावतीत १९२३ साली किंग एडवर्ड कॉलेज स्थापन झाले. तेव्हापासूनच्या शतकभरात या दोन्ही जिल्ह्यांतील शाळा, महाविद्यालये, बँका व बाजार समित्यांनी केलेल्या खरेदीचा मागोवा घेण्यास दुसरे एवढे नेमके साधन नाही. वस्तूचे निर्लेखन होऊन ती लिलावात गेली की तिची एक ओळ तेवढी मागे राहते. जतनाची मुदत संपल्यावर पुढे ती नोंदवहीही नष्ट करावयाच्या अभिलेखांच्या यादीत येते.