भेडाघाटच्या नावेत ग्रँट

फेब्रुवारी 1879. तुम्ही जबलपूरच्या फलाटावर उभे आहात. मुंबईकडून आलेला रूळ आणि अलाहाबादकडून आलेला रूळ 1870 च्या मार्चमध्ये इथेच जुळले. तेव्हापासून रेल्वेने कलकत्त्याला निघालेले बडे पाहुणे याच वाटेने जातात. आजचा पाहुणा अंगाने बेताचा. खांदे किंचित पुढे झुकलेले, दाढी आखूड, हातात सिगार. बरोबर पत्नी ज्युलिया आणि मुलगा फ्रेड. दोन वर्षांपूर्वीपर्यंत हा अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष होता. युलिसिस ग्रँट.

त्याच्या मागोमाग भेडाघाटला चला आणि नावेत बसा. दोन्ही अंगांना संगमरवराचे कडे सरळ उभे आहेत, खाली नर्मदा हिरवीगार, जवळजवळ न हलणारी. नावाडी वर बोट दाखवतात: कपारींना आग्यामोहोळाची पोळी लटकली आहेत. इथे आवाज करायचा नाही. ग्रँटला ते सांगावेच लागत नाही, तो मुळातच अबोल.

या माणसाकडे नीट पाहा. 1859 मध्ये हातात पैसा नव्हता, शेती बुडालेली. विल्यम जोन्स हा त्याचा गुलाम विकला असता तर वर्ष सुखाने निघाले असते. ग्रँटने त्याला मुक्त केले. 1861 मध्ये तो वडिलांच्या चामड्याच्या दुकानात कारकुनी करत होता. अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांच्यात यादवी युद्ध पेटले आणि तीनच वर्षांत उत्तरेच्या सगळ्या फौजा त्याच्या हाताखाली आल्या. 9 एप्रिल 1865 ला दक्षिणेचा सेनापती ली याने शरणागती पत्करली, तेव्हा हरलेल्या सैनिकांना ग्रँटने आपापले घोडे घरी न्यायची परवानगी दिली, पेरणीला लागतील म्हणून.

त्या युद्धाने खानदेश-वऱ्हाडातली कपाशीही हलवली. अमेरिकेचा कापूस अडला तेव्हा इथला भाव आभाळाला भिडला आणि शांतता होताच मुंबईतल्या पेढ्या कोसळल्या. मुंबईहून जबलपूरला येताना ग्रँटची गाडी याच खानदेशातून आली.

राष्ट्राध्यक्ष म्हणून तो फसला, असे पुष्कळांचे मत. नको त्या माणसांवर विश्वास टाकला, त्यांनी पैसा खाल्ला, हे खरेच आहे. पण 1870 मध्ये काळ्या पुरुषांना मतदानाचा हक्क देणारी घटनादुरुस्ती त्याच्याच कारकिर्दीत झाली. त्यांना रात्री घरात शिरून मारणाऱ्या कू क्लक्स क्लॅनविरुद्ध 1871 मध्ये कायदा झाला आणि साउथ कॅरोलिनात ग्रँटने फौज धाडली. माझ्या लेखी हे पारडे जड आहे.

आणि 1873 मध्ये, तो सत्तेवर असतानाच, पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक छापून अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केले, त्यांनी गुलामांना मुक्त केले म्हणून. ग्रँट मुंबईत मलबार पॉइंटला गव्हर्नरकडे उतरला होता. पुणे तिथून फक्त बोरघाटापलीकडे.

नाव काठाला लागायच्या आत त्याच्याशेजारी सरका. पोळी वर आहेत, आवाज खालीच ठेवा. त्याला सांगा की पुण्यात एक्कावन्न वर्षांचा एक माळी तुमच्या देशाकडे बघून इथल्या शूद्रातिशूद्रांसाठी झगडतो आहे. आणि हेही विचारा: तुमची मुदत संपताच दक्षिणेतल्या फौजा मागे घेतल्या गेल्या, आता तिथल्या काळ्या मतदाराच्या पाठीशी कोण उभे आहे?