वाढदिवस की जन्मदिवस?

मंडळी, १ जूनला सकाळपासून माझा फोन वाजायला लागतो. यंदा पुण्याच्या नातीने शुभेच्छा दिल्या आणि वर विचारलं, "आजोबा, जन्मदिवसाला आपण वाढदिवस का म्हणतो? त्या दिवशी काय वाढतं?" फोनवर उत्तर आटोपलं नाही, म्हणून इथे लिहितो.

संस्कृत धातू वृध्. प्राकृतात त्याचं वड्ढ झालं, मराठीत वाढ. ताटात आपण भात वाढतो ते वाढणंही याच घरचं. पालीतल्या 'वड्ढेति'लाही हे दोन्ही अर्थ आहेत. जुन्या धर्मग्रंथांत जन्मतिथीच्या विधीला वर्धापन म्हटलं आहे. मार्कंडेयाची आणि चिरंजीवांची पूजा करायची, तीळगूळ घातलेलं दूध प्यायचं. पुढे वर्धापनदिन संस्थांकडे गेला, जयंती देवांकडे आणि थोर दिवंगतांकडे. जिवंत माणसाच्या वाट्याला वाढदिवस राहिला. आमच्या जिल्ह्याला लागून असलेल्या गुजरातेत वर्षगांठ म्हणतात, म्हणजे वर्षाची गाठ. सालगिरहचा अर्थही तोच. मराठी शब्दात ना जन्म, ना वर्ष. नुसती वाढ!

आणि आम्ही शिक्षकांनी तारखा ठरवल्या त्या वाढ बघूनच. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा, पण पाड्यावरच्या बाळंतपणाची नोंद कोण करणार? जूनमध्ये पोर शाळेत आलं की उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगायचं. कान हाताला लागला की वय सहा. त्यातून जन्मसाल काढायचं आणि तारीख लिहायची १ जून. (तेव्हा आम्ही धुळे जिल्ह्यात होतो. नंदुरबार वेगळा झाला १ जुलै १९९८ ला.)

१९७८ साली एक माय मुलाला घेऊन आली. म्हणाली, "मोठा दुष्काळ सरला, त्या पावसात झाला, गुरुजी." म्हणजे १९७३. पोरगा अंगाने थोराड, कान झटक्यात धरला. मी लिहिलं, १ जून १९७२. तिचं ऐकलं होतं, पण कानावर भरवसा ठेवला. पुढे पोलीस भरतीत त्याचं वय तीन महिन्यांनी जास्त भरलं. शाळा सोडल्यावर दाखल्यावरची तारीख बदलणं किती अवघड, ते तुम्हाला माहीत आहे. तो मला भेटायला आला, पाया पडला, चहा घेतला. तारखेचा विषय त्याने काढला नाही. मीही काढला नाही. आता वाटतं, काढायला हवा होता.

माझीही तारीख अशाच एका गुरुजींनी लिहिलेली आहे, १ जून १९५१. म्हणून निवृत्त झालो ३१ मे २००९ ला, त्याच दिवशी निवृत्त होणाऱ्या असंख्य १ जूनवाल्यांबरोबर. आई मात्र सांगायची, तू पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा, बैलांचे रंग अजून उतरले नव्हते.

नातीला हे कळवलंय. ती आता म्हणते, मग पोळ्यालाही फोन करते.